अंगठा, बाटली आणि लुगड्याची चिंधी

मे महिन्यातल्या दुपारी जेवणं आटोपली की मी आमच्या पाळणाघरातला कूलर सुरू करते. मोटर घरघरते, ओल्या खसचा वास खोलीभर पसरतो आणि सतरंजीवर ओळीने निजवलेल्या सहा लेकरांपैकी तिघांचे अंगठे तोंडात जातात. खटका दाबल्यासारखे. त्यातल्या एकीच्या डोळ्यांत झोपेचा मागमूस नसतो. छताकडे टक लावून ती अंगठा चोखत राहते. एकदा ऐन दुपारी लाइट गेली, कूलर बंद पडला आणि पाचेक मिनिटांत तिचा अंगठा बाहेर आला. उठून बसली, ठोकळे मागू लागली. लाइट आली, कूलर पुन्हा घरघरला, ठोकळा हातातून सुटला आणि अंगठा परत आपल्या जागी गेला.

तिची आई संध्याकाळी घ्यायला आली की रोज एकच विचारायची, "ताई, हिचा अंगठा कसा सोडवू?" त्या दिवशी मी उलट विचारलं, "घरी कधी घालते तोंडात?" ती म्हणाली, "दिवसभर." मी तिला आठवडाभर फक्त लक्ष ठेवायला सांगितलं. टोकायचं नाही, हात ओढायचा नाही, कॅलेंडरच्या मागे वेळ लिहायची. आठवड्याने आली तेव्हा यादीत चारच वेळा होत्या: कूलरखाली, टीव्हीसमोर, आई ऑफिसला निघते तेव्हा आणि रात्री निजताना. दिवसभराच्या सवयीपुढे माणूस हात टेकतो. चार वेळांचं काहीतरी करता येतं.

अंगठा, चुसनी, दुधाची बाटली, गोधडीचं टोक, आईचा कान धरून झोपणं, आईच्या केसांची बट बोटाला गुंडाळणं, या सगळ्या सवयी लेकराचं काही ना काही काम करत असतात. ते काम कोणतं हे आधी ओळखायचं, ते दुसऱ्या कशाकडे तरी सोपवायचं आणि मग सवयीला हात लावायचा. आपल्या घरांमध्ये बहुतेक वेळा उलटं होतं. आधी हिसकावतो आणि मग रडणं निस्तरत बसतो.

चोखून शांत का वाटतं

बाळ पोटात असतानाच अंगठा चोखतं. सोनोग्राफीत ते कितीतरी जणींना दिसलेलं आहे. जन्मल्यावर ओठांना काही लागलं की बाळ चोखू लागतं, आणि पहिले काही महिने हे त्याच्या मर्जीवर नसतं. डोळ्यासमोर काही आलं की पापणी मिटते, तशी ही आपोआप होणारी क्रिया आहे. पुढे हा आपोआपपणा ओसरतो. पण तोवर शरीर एक गोष्ट शिकलेलं असतं: चोखलं की दूध येतं, ऊब येते, आईचा वास येतो आणि झोप लागते. मग दूध नसलं तरी नुसत्या चोखण्याने उरलेलं सगळं थोडंथोडं मिळू लागतं. नवजात बाळाच्या टाचेतून रक्त घेताना त्याला काहीतरी चोखायला दिलं, तर ते कमी रडतं. चोखण्यातला दिलासा इतका खरा आहे.

कापडाचंही तसंच. अमेरिकेतले मानसशास्त्रज्ञ हॅरी हार्लो यांनी १९५० च्या दशकात माकडाच्या पिलांसमोर दोन खोट्या आया ठेवल्या. एक तारेची, दुसरी मऊ कापडात गुंडाळलेली. दुधाची बाटली तारेच्या आईला लावली, तेव्हाही पिलं दुधापुरती तिच्याकडे जायची आणि बाकीचा बहुतेक वेळ कापडाच्या आईला बिलगून काढायची. पिलांना आईपासून तोडून केलेला हा प्रयोग मला आजही वाचवत नाही. पण "पोट भरलं ना, मग आता काय पाहिजे?" असं लेकराला विचारण्याआधी तो आठवावा, असं मला वाटतं.

त्याच सुमारास इंग्लंडमधले बालरोगतज्ज्ञ डोनाल्ड विनिकॉट यांनी बाळांच्या गोधड्यांवर आणि मऊ खेळण्यांवर लिहिलं. आई नजरेआड झाली तरी ती आहे, हा विश्वास बाळाला एका दमात येत नाही. मधल्या काळात ते एखादं फडकं धरून ठेवतं. ते फडकं आईसारखं असतं, पण आईसारखं उठून जात नाही. त्यांनी आणखी एक बारीक गोष्ट टिपली. असं फडकं धुतलं की त्याचा वास जातो आणि बाळाच्या लेखी ते तुटतं. ज्यांच्या घरी आजीच्या जुन्या लुगड्याची चिंधी धुतल्यावर दोन तास आकांत झाला असेल, त्यांना हे समजावून सांगायची गरज नाही.

दीड-दोन वर्षांच्या लेकराला राग, भीती, कंटाळा हे सगळं आपल्याएवढंच येतं. ते आवरणारा मेंदूचा पुढचा भाग मात्र अगदी कच्चा असतो आणि पुढे कितीतरी वर्षं पिकत राहतो. अशा वेळी तोंडात घातलेला अंगठा ही त्याने स्वतःची स्वतः शोधलेली पहिली युक्ती असते. मला तिचं कौतुक वाटतं. सवय सोडवायला बसताना आईबाबांच्याही मनात थोडं कौतुक असावं, कारण लेकराला आपला चेहरा वाचता येतो.

घाई कशाची करायची

सगळ्या सवयी एका मापाने मोजू नका. माझ्या लेखी बाटली पहिली, मग चुसनी, मग अंगठा. चिंधी या रांगेत उभीच करू नये.

अंगावरचं दूध तर यात धरूच नका. जागतिक आरोग्य संघटना दोन वर्षं आणि त्यानंतरही आईला आणि बाळाला हवं तोवर स्तनपान सुरू ठेवा म्हणते. ते कधी तोडायचं हा वेगळा विषय आहे.

बाटलीची घाई दोन कारणांसाठी. पहिलं कारण दात. झोपेत लाळ कमी सुटते. जागेपणी ही लाळच दात धुऊन काढत असते. बाटली तोंडात ठेवून झोपलेल्या लेकराच्या वरच्या पुढच्या दातांभोवती दुधाचं तळं साचून राहतं, त्यातल्या साखरेवर जंतू जगतात आणि आम्ल तयार करतात. खालचे दात जिभेखाली झाकलेले असल्याने बरेचदा वाचतात. म्हणून तपासायचं ते वरचा ओठ उचलून. हिरडीलगत खडूसारखी पांढरी रेघ दिसली तर ती कीड लागण्याची सुरुवात असते, आणि त्या टप्प्यावर तिला थोपवता येतं. रेघ तपकिरी झाली की दात पोखरायला लागलेला असतो. "दुधाचेच तर आहेत, पडणारच" असं मी फार ऐकते. पण दाढा पडायला दहा-बारा वर्षांचं वय येतं. तोवर त्यांनीच चावायचं असतं आणि खालून येणाऱ्या दातांची जागाही त्यांनीच धरून ठेवायची असते.

दुसरं कारण रक्त. दुधात लोह अगदी कमी असतं आणि बाटलीने दूध भराभर पोटात जातं. दिवसाला चार-पाच बाटल्या रिचवणाऱ्या लेकराला वरण-भाताची, भाजीची भूकच उरत नाही. मग आई म्हणते, "हा काही जेवत नाही, म्हणून बाटली देते." राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१ च्या फेरीत देशातल्या सहा महिने ते पाच वर्षं वयाच्या मुलांपैकी ६७ टक्के मुलांमध्ये रक्त कमी आढळलं. त्याची कारणं अनेक आहेत, पण आपल्या हातातलं एक कारण ही जादा दुधाची बाटली आहे. वर्षाच्या पुढच्या लेकराला दिवसाला दोन कप दूध, म्हणजे साधारण ४००-५०० मिली, पुरे होतं.

आपल्याकडचे बालरोगतज्ज्ञ वाटी-चमच्याचाच आग्रह धरतात. दुधाच्या बाटल्यांची जाहिरात करायला भारतात १९९२ च्या कायद्याने बंदी आहे. तरीही घरात बाटली आलीच असेल, तर वर्षाच्या सुमारास पेला सुरू करून दीड वर्षापर्यंत ती बंद करावी.

चुसनीचा पहिल्या वर्षात एक फायदाही आहे. चुसनी घेऊन झोपणाऱ्या बाळांमध्ये झोपेतल्या अचानक मृत्यूचं प्रमाण कमी दिसलं आहे. पण सहा महिन्यांनंतर सतत चुसनी घेणाऱ्यांना कानाच्या आतल्या संसर्गाचा त्रास जास्त होतो. दोन वर्षांच्या आसपास ती सुटावी, फार तर तीन. दोरी बांधून ती गळ्यात अडकवू नका, फास बसू शकतो. मधात बुडवूनही देऊ नका. वर्षाच्या आतल्या बाळाला मध चाटवणं जिवावर बेतू शकतं आणि पुढे तो दातांना खातो.

अंगठ्याला मात्र वेळ आहे. बहुतेक मुलं दोन ते चार वर्षांच्या दरम्यान तो आपणहून सोडतात. दातांचं नुकसान ठरतं ते किती वेळ, किती वेळा आणि किती जोराने चोखतं यावर. नुसता तोंडात ठेवलेला अंगठा फारसं बिघडवत नाही. चपचप आवाज करत, गाल आत ओढून चोखलेला अंगठा पुढचे दात बाहेर ढकलतो, टाळू अरुंद करतो, आणि दाढा मिटल्या तरी पुढे फट राहते. चार वर्षांच्या आत सुटला तर ही फट पुष्कळदा आपोआप भरून येते. कायमचे पुढचे दात सहाव्या-सातव्या वर्षी येतात. त्याआधी अंगठा बाहेर पडायला हवा.

बाटली: एका घरातली गोष्ट

आमच्याकडे येणाऱ्या एका दोन वर्षांच्या मुलाच्या घरी बाटली सोडवताना मी बरीच जवळून पाहिली, म्हणून ती सांगते.

पहिल्यांदा त्यांनी एका रविवारी बाटली सरळ माळ्यावर टाकली. रात्री अकरा वाजता लेकरू घसा फोडून रडायला लागलं. आजी उठून आल्या आणि सुनेला म्हणाल्या, "काहून रडवून रायली वं लेकराले? देऊन दे ना ते बाटली." साडेअकराला बाटली खाली आली. त्या रात्री लेकरू एवढंच शिकलं की अर्धा तास रडलं की बाटली मिळते. दुसऱ्या रविवारी ते पाऊण तास रडलं.

आजींची तक्रार अर्धी खरी होती. झोपेचा एकमेव रस्ता बंद केला आणि दुसरा दाखवलाच नाही, तर लेकरू रडेल नाही तर काय करेल? तेव्हा आम्ही आजींनाच मध्ये घेतलं. घरात एकजण नाही म्हणतो आणि दुसरा गुपचूप देतो, तिथे कोणतीच सवय सुटत नाही. आणि घरातल्या ज्या माणसाकडे सगळ्यात जास्त धीर असतो, त्याला कामाला न लावणं हा तोटाच.

आधी दुपारची बाटली काढली. तिचं काम नुसतं कंटाळा घालवायचं होतं. त्या वेळी स्टीलच्या छोट्या पेल्यात दूध, दोन घोटांएवढंच, आणि पेला धरणार तो स्वतः. सतरंजी भिजली, बनियन भिजलं. चार दिवसांनी पेला सांडेनासा झाला. मग संध्याकाळची. रात्रीची सगळ्यात शेवटी ठेवली, कारण तिचं काम सगळ्यात मोठं होतं.

रात्री दूध जेवणाआधी आणलं, पेल्यातून. दूध, मग दात घासणं, मग अंधार, मग आजीची पाठ थोपटणं आणि एकच गोष्ट, रोज तीच. क्रम बदलायचा नाही. लेकराला घड्याळ कळत नाही, पण एकामागून एक काय येतं ते पक्कं कळतं, आणि पुढचं ठाऊक असलं की त्याला धीर वाटतो. बिछान्यातली बाटली लगेच काढली नाही. तिच्यात घरचे उकळून गार केलेलं पाणी मिसळत गेले. सुरुवातीला चौथा हिस्सा पाणी, दोन-तीन दिवसांनी निम्मं, आणि दहाव्या-बाराव्या दिवशी निव्वळ पाणी. नुसत्या पाण्याची बाटली त्याने एका रात्री तोंडातून काढून आजीच्या हातात दिली आणि तोंड फिरवलं. तोवर पाठीवरच्या हाताची त्याला सवय लागली होती. आता आजी थकतात, पण हात कोणाचाही चालतो.

मध्ये त्याला ताप आला तेव्हा दोन रात्री बाटली पुन्हा मागितली. त्यात काही बिघडलं नाही. आजारपण, घर बदलणं, धाकटं भावंड येणं, बालवाडी सुरू होणं, अशा वेळी सुटलेली सवयही डोकावते. अशा दिवसांत सोडवायला तर मुळीच घेऊ नये. तब्येत बरी झाली की मागच्या टप्प्यावरून पुढे निघायचं.

अंगठ्याचं वेगळं

बाटली माळ्यावर ठेवता येते, अंगठा ठेवता येत नाही. म्हणून लोक त्याला कारल्याचा रस लावतात, कडुनिंबाचा पाला चोळतात. मिरची लावलेलीही मी पाहिली आहे. मिरची लावू नका, हात जोडून सांगते. तोच हात झोपेत डोळ्याला लागतो. कडू चव काही दिवस चालते, पण झोपेत गेलेला अंगठा चव विचारत नाही, आणि कित्येक लेकरं कडूपणा चाटून संपवतात.

त्याहून वाईट म्हणजे चिडवणं. "एवढा मोठा झाला आणि अंगठा चोखते, शी!" लेकरू ओशाळतं. ओशाळलं की त्याला अस्वस्थ वाटतं, आणि अस्वस्थ वाटलं की ते कुठे जातं? अंगठ्याकडेच. ओरडण्याने अंगठा थोडा वेळ लपतो, पांघरुणाखाली जातो. कमी होत नाही.

हाताला काम द्यायचं. कूलरखालच्या त्या मुलीला मी दुपारी ओल्या कणकेचा गोळा देऊ लागले. दोन्ही हात गुंतले की अंगठ्याला फुरसत नसते. टीव्हीच्या वेळी शेंगा सोलायला बसवायची, टरफलं तिची, दाणे माझे. दाणा घशात अडकू शकतो, म्हणून तो तिच्या हाती देत नव्हते. आई ऑफिसला निघते तेव्हाचा अंगठा मात्र कंटाळ्याचा नव्हता, तो विरहाचा होता. तिथे कणीक उपयोगाची नाही. तिच्या आईने निघताना तिच्या तळहातावर पापी घेऊन मूठ मिटायला सुरुवात केली. "ही मी येईपर्यंत सांभाळ." पोरगी मूठ घट्ट धरून दारापासून आत येते. आणि हो, अंगठा सुटावा म्हणून हातात मोबाइल देऊ नका. एक सवय गेली आणि तिच्याहून हट्टी सवय आली, असं होतं.

"उद्यापासून" हा शब्द तीन वर्षांच्या आत कळत नाही. "झोपून उठलो की" कळतं. "छान मुलगी" यापेक्षा "गोष्ट ऐकताना तुझा हात गोधडीवर होता, मी पाहिलं" हे जास्त पोचतं. निजल्यावर तोंडातून अंगठा हळूच सोडवून हात खाली ठेवता येतो. झोप मोडत असेल तर तेही राहू द्यावं.

चार वर्षं उलटूनही अंगठा तसाच असेल, अंगठ्यावर घट्टा पडला असेल, नखाशेजारी नखुरडं होऊन पू येत असेल किंवा पुढच्या दातांत फट दिसत असेल, तर मुलांच्या दातांच्या डॉक्टरांना दाखवा. इथे नागपुरात मेडिकलच्या, म्हणजे शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या, आवारातल्या शासकीय दंत महाविद्यालयात त्यासाठी स्वतंत्र विभाग आहे. खरं तर पहिल्या वाढदिवसापर्यंत दात एकदा तपासून घ्यावेत. आणि लेकरू नजरेला नजर देत नसेल, हाकेला वळत नसेल, बोलणं मागे पडलं असेल, तर अंगठा बाजूला ठेवून आधी बालरोगतज्ज्ञांना भेटा.

मारबत आणि तान्हा पोळा

आपल्या नागपुरात पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी काळी आणि पिवळी मारबत, म्हणजे मोठाले पुतळे, मिरवणुकीने निघतात. "इडा पीडा घेऊन जा गे मारबत" या आरोळीत शंभराहून अधिक वर्षं शहर आपलं दुखणंखुपणं तिच्या हवाली करतं. त्या दिवशी काही घरांत लेकराला सांगतात, "तुझी चुसनी मारबतीने नेली." असं सांगू नये, असं माझं ठाम मत आहे. रात्री चुसनी शोधणाऱ्या लेकराला ती अक्राळविक्राळ आकृती आठवते, आणि आपली सगळ्यात लाडकी वस्तू कोणीही उचलून नेऊ शकतं, हे त्याच्या मनात बसतं. तीन वर्षांच्या लेकराने स्वतःच्या हाताने चुसनी डब्यात ठेवून झाकण लावलं, तर ते वेगळं. तो निरोप त्याचा असतो. चुसनीचं टोक कापून देण्याचा सल्लाही कोणी देईल. तो ऐकू नका, तुटलेला रबराचा तुकडा घशात जातो.

त्याच दिवशी तान्हा पोळा, म्हणजे लाकडी नंदी घेऊन फिरणाऱ्या लेकरांचा पोळा, असतो, आणि तो मला या कामासाठी फार जवळचा वाटतो. माझ्या धाकटीला अंगठा आणि चिंधी दोन्ही लागायचं. डाव्या हातात चिंधी आली की उजवा अंगठा आपोआप तोंडात. पुष्कळ मुलांमध्ये ही जोडी असते. एकाला धक्का लागला की दुसरंही हलतं. ती अडीच वर्षांची असताना आम्ही तिला चाकांचा लाकडी नंदी आणला. दोन्ही हातांनी दोरी ओढत ती गल्लीत घरोघरी गेली. प्रत्येक दारात बोजारा, म्हणजे पोळ्याची ओवाळणी, मिळाला की नाणं मुठीत, मूठ दोरीवर. साडेसहा ते आठ, अंगठा तोंडात गेला नाही. मीच फक्त ते मोजत होते.

घरी आल्यावर तिने नंदीच्या पाठीकडे पाहिलं. बाकीच्या मुलांच्या नंद्यांवर झूल होती, तिच्या नंदीवर नव्हती. आत जाऊन ती चिंधी घेऊन आली आणि नंदीच्या पाठीवर घातली. रात्री मागितली तेव्हा मी नंदीसकट तिच्या उशाशी आणून ठेवली. ती नंदीला गार वाटेल म्हणून चिंधी काढेना. अंगठा त्या रात्री गेला तोंडात, पुढच्या रात्रीही गेला, पुढे बरेच महिने जातच राहिला. चिंधी मात्र नंदीवरच राहिली. आता दरवर्षी पोळ्याच्या आधी ती स्वतः धुते आणि वाळली की परत त्याच्या पाठीवर घालते.